जुना गार्डन ट्रॅक्टर: घेताना, खोलताना आणि रंगवताना कामाचा क्रम

शनिवारी ट्रॅक्टर घरी येतो आणि रविवारी संध्याकाळी त्याचे दोनशे तुकडे फरशीवर पसरलेले असतात. महिन्याभरात बॉनेट आणि मडगार्ड रंगवून चकाचक होतात. मग कधीतरी इंजिन सुरू होतं आणि कळतं, की एक गिअर सुटतोय, मागचं सील गळतंय आणि कनेक्टिंग रॉड वाजतोय. आता नव्या रंगावर पाने घसरवत सगळं परत खोला!

बहुतेकांची चूक एकच असते, ती म्हणजे क्रम उलटा धरण्याची. ट्रॅक्टर आहे त्याच कळकट अवतारात आधी चालवायचा, त्याची सगळी दुखणी कागदावर उतरवायची, मग खोलायचा आणि रंग सर्वांत शेवटी. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत.

इथे डोळ्यांसमोर आहेत ते १९६० ते १९८० च्या दशकांतले ट्रॅक्टर: व्हील हॉर्स, कब कॅडेट, जॉन डिअर ११०, केस, बोलन्स, सिम्प्लिसिटी. यांतल्या बऱ्याच मॉडेलांवर कोहलर के-सिरीजचं एका सिलिंडरचं बिडाचं इंजिन असतं, म्हणून आकडे त्याचेच दिलेत. तुमचं इंजिन वेगळं असेल तर क्रम हाच ठेवा, आकडे मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या.

## टप्पा १: बघायला जाण्याआधी

विकणाऱ्याला फोनवर तीनच गोष्टी विचारा: मॉडेल नंबर, इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर आणि ड्राइव्ह कोणत्या प्रकारचा. तिसरा प्रश्न सगळे विसरतात, आणि पुढचा निम्मा त्रास त्याच्याशीच बांधलेला असतो.

कब कॅडेटमध्ये इंजिनातून मागे शाफ्ट जातो, मध्ये कोरडा क्लच असतो. व्हील हॉर्सच्या गिअरवाल्या मॉडेलांत इंजिनाची शक्ती पट्ट्याने मागच्या गिअरबॉक्सला जाते. जॉन डिअर ११० मध्ये पट्टा आणि मागेपुढे सरकणारी पुली यांच्या जोडीने वेग बदलतो. केसच्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप आणि मोटर असते. शिवाय यांतल्या अनेक कंपन्यांची हायड्रोस्टॅटिक (पंपातल्या तेलाच्या दाबावर, गिअर न बदलता वेग कमीजास्त करणारी) मॉडेलंही आहेत. गिअरबॉक्स खराब निघाला तर गिअर आणि बेअरिंग बदलून तो उभा राहतो. हायड्रोस्टॅटिक पंप झिजलेला असेल, तर पहिल्याच ट्रॅक्टरला त्याच्या वाटेला जाऊ नका.

मॅन्युअल आणि पार्ट्सचं पुस्तक ट्रॅक्टर घेण्याआधीच मिळवा. पार्ट्सच्या पुस्तकातली सुटे भाग दाखवणारी चित्रं पुढे जोडणीला लागतात, आणि बघायला गेल्यावर काय गायब आहे तेही त्यांतूनच कळतं.

पिशवीत घ्या: प्लगपाना, मल्टीमीटर, टॉर्च, लोहचुंबक, चिंध्या, हातमोजे आणि चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी. "बॅटरी उतरलीय, नाहीतर लगेच चालू होतो" हे वाक्य ऐकायला मिळणारच आहे.

## टप्पा २: जागेवरची तपासणी

१. पहिला हात इंजिनाला. गेल्या गेल्या सिलिंडरवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर थंड इंजिन चालू न होण्याची तक्रार झाकण्यासाठी कोणीतरी आधीच चालवून ठेवलंय. पूर्ण निवेपर्यंत थांबा. तोवर खालची तपासणी करा.

२. तेल. डिपस्टिक काढून नुसती पातळी बघू नका, वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची सुई गळतेय आणि पातळ झालेल्या तेलावर इंजिन चाललेलं असू शकतं. मागच्या गिअरबॉक्सचं तेलही बघा. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. पाणी नुकतंच गेलं असेल तर तेल बदलून भागतं. वर्षानुवर्षं मुरलं असेल तर बेअरिंगांना खड्डे पडलेले असतात.

३. हाताने फिरवा. प्लग काढून फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. अडकलं, खरखरलं किंवा ठराविक जागीच जड लागलं तर लिहून ठेवा.

४. कॉम्प्रेशन. इथे भले भले फसतात. के-सिरीजच्या कॅमशाफ्टवर सुरू करताना दाब सोडणारी यंत्रणा असते. त्यामुळे साध्या गेजवर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमीच येतो आणि लोक धडधाकट इंजिन भंगारात काढतात. प्लग परत बसवा आणि फ्लायव्हील हाताने उलट्या दिशेला जोरात फिरवा. ते दाबावर आदळून झटक्याने मागे उसळलं तर रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. मऊपणे फिरून गेलं तर कुठेतरी गळती आहे. ती नेमकी कुठे, हे पुढे लीक-डाउन टेस्टरने (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती शोधणारं उपकरण) बघता येतं.

५. चालवा, आणि तापेपर्यंत चालवा. पाच मिनिटांच्या फेरीत सगळेच ट्रॅक्टर चांगले वाटतात. हायड्रोस्टॅटिक असेल तर निदान वीस मिनिटं, शक्यतो चढावर चालवा. झिजलेला पंप थंड असताना जोर दाखवतो आणि तेल तापलं की बसतो. गिअरवाला असेल तर प्रत्येक गिअरमध्ये थोडा भार देऊन गिअर सुटतो का ते बघा.

६. चाकं. रिमला आतून गंजाचे फोड दिसले तर टायरमध्ये वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलं होतं का, हे विचारा. व्हॉल्व्हपाशी पांढरी पूड दिसली तर विचारायचीही गरज नाही. ते पाणी रिम आतून खातं.

७. स्टिअरिंग आणि पुढचा ॲक्सल. पुढचा भाग उचलून चाकं हलवा. किंग-पिनचा (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि मधल्या पिव्हटचा चाळा, म्हणजे सैलपणा, बुश घालून जातो. चासीला पिव्हटजवळ तडा असेल तर मात्र वेल्डिंग आलं.

> तपासा: गवत कापायचा डेक आणि बाकीची अवजारं त्याच मॉडेलची आहेत का? ती जोडायचे कंस, लिव्हर, पिना सोबत आहेत का? हे किरकोळ तुकडे नंतर शोधणं इंजिनाचे पार्ट शोधण्यापेक्षा अवघड जातं.

माझा हिशेब असा: जाम इंजिन, फाटकी सीट, सडलेल्या वायरी चालतील. फुटलेला गिअरबॉक्स, तडा गेलेली चासी आणि अर्धवट खोलून डब्यात भरलेला ट्रॅक्टर नको. डब्यातल्या ट्रॅक्टरचे तीन-चार भाग हमखास हरवलेले असतात आणि कोणते, ते शेवटच्या दिवशी कळतं.

## टप्पा ३: घरी आणल्यावर, सुरू करण्याआधी

मोह आवरा. किल्ली फिरवण्याआधी एवढं करा.

1. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वायरी कुठून कुठे जातात, स्प्रिंगचं टोक कोणत्या भोकात आहे, पट्टा कोणत्या पुलीच्या कोणत्या बाजूने जातो, याचे जवळून फोटो हवेत. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा) स्प्रिंगचा फोटो तर दोन बाजूंनी.
2. इंजिनावरचं पत्र्याचं आवरण काढा. सिलिंडरच्या फिनांमध्ये (थंड होण्यासाठीच्या पातळ पट्ट्यांमध्ये) उंदराचं घरटं सापडण्याची शक्यता दाट आहे. हे इंजिन हवेवर थंड होतं. फिना बुजलेल्या असताना चालवलं तर काही मिनिटांत हेड तापून वाकतं. घरटं हलकं ओलं करून, मास्क आणि हातमोजे घालून काढा. कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर सगळी घाण तुमच्याच नाकात जाईल.
3. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. नळी, फिल्टर नवे घाला.
4. इंजिनाचं तेल बदला. उन्हाळ्यात एसएई ३० चालतं.
5. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका.

> सावध: सीटखालचे, क्लचचे आणि पीटीओचे (अवजारांना इंजिनाची शक्ती देणारी जोडणी) सुरक्षा स्विच जुन्या ट्रॅक्टरांवर बहुतेक वेळा वायर जोडून निकामी केलेले असतात. सोलेनॉइडवर (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) स्क्रूड्रायव्हर टेकवून स्टार्टर फिरवायची सवय असेल तर ती इथे सोडा. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर समोर उभ्या माणसाच्या अंगावर येतो.

### इंजिन जाम असेल तर

आधी प्लगच्या भोकातून टॉर्च मारून बघा, आणि शक्य असेल तर हेड काढाच. ही साइड-व्हॉल्व्ह इंजिनं असल्यामुळे हेड म्हणजे फक्त एक झाकण, काढणं सोपं. बरेचदा पिस्टन मोकळा असतो आणि गंजून अडकलेला व्हॉल्व्ह इंजिन धरून ठेवतो. पिस्टनच अडकला असेल तर सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, गंज सोडवणारं तेल ओता आणि रोज थोडं फ्लायव्हील पुढे-मागे हलवत राहा. आठवडा लागला तर लागू दे. स्टार्टरने किंवा दुसऱ्या गाडीने ओढून सोडवायला गेलात तर ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) आधी तुटतो. पिस्टनवर लाकूड ठेवून ठोकायची वेळ आली तर आधी क्रँक कुठल्या जागी आहे ते बघा. पिस्टन अगदी वरच्या टोकाला असेल तर प्रत्येक ठोका थेट रॉड आणि क्रँकवर बसतो.

## टप्पा ४: ठिणगी आधी, पेट्रोल नंतर

सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर पहिल्यांदा खोलला जातो आणि बहुतेक वेळा दोष असतो पॉइंटांमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या संपर्कांमध्ये. म्हणून कॉम्प्रेशन, ठिणगी, पेट्रोल हाच क्रम ठेवा.

के-सिरीजच्या बॅटरी इग्निशनवाल्या इंजिनांत पॉइंट बाहेर, ब्लॉकच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात आणि कॅमशाफ्टवरून चालणारी एक बारीक दांडी ते उघडते. झाकण काढा. पॉइंटांच्या तोंडावर राखाडी थर दिसेल. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये हाच थर वीज अडवतो. पॉइंटांमध्ये जाड कोरा कागद धरा, पॉइंट मिटू द्या आणि कागद ओढा. कागदावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी होईपर्यंत हेच करा. पॉइंटांना खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे घाला.

पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण ०.५ मिमी. प्लगची फट ०.०३५ इंच, म्हणजे ०.९ मिमी. ही फट नुसती सुरुवात आहे, खरं टायमिंग दिव्याने बघा. टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या बाजूला, दुसरं बॉडीला जोडा आणि इग्निशन चालू करून फ्लायव्हील हाताने चालीच्या दिशेला सावकाश फिरवा. फ्लायव्हीलवरची 'एस' खूण खिडकीत मधोमध येते त्याच क्षणी दिवा लागला पाहिजे. 'टी' खूण म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला. घाईत लोक 'टी'वरच टायमिंग लावतात; मग इंजिन चालतं, पण मरगळलेलं, आणि तापतं.

> सावध: इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका. कॉइल जळते.

ठिणगी चांगली असेल तरच कार्ब्युरेटरकडे वळा. खोलण्याआधी पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या दोन्ही सुया (मुख्य आणि मंद वेगाची) हळूच आत बसेपर्यंत फिरवून किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवा. सुई शेवटी आवळायची नाही. आवळली की टोकाला खाच पडते आणि मग ती कधीच नीट बसत नाही. मार्ग साफ करायला तार घालू नका, क्लीनर आणि हवा पुरेशी आहे. थ्रॉटलचा शाफ्ट वर-खाली हलवून बघा. तिथे चाळा असेल तर हवा शिरते आणि सुया कितीही फिरवल्या तरी इंजिन हेलकावे खातं. तिथे बुश घालण्याला पर्याय नाही.

मुख्य सुई इंजिन तापल्यावर, पूर्ण वेगात लावायची. आत फिरवत न्या, इंजिन दमायला लागेल तिथे थांबा. मग बाहेर फिरवत न्या, परत जड होईल तिथे थांबा. दोन्हींच्या मधोमध सुई ठेवा.

वेग मोजायला टॅकोमीटर लावा. या इंजिनांची मर्यादा मिनिटाला ३६०० फेऱ्यांची. कानाने वेग लावणं आणि गव्हर्नरची स्प्रिंग ताणून 'जोर वाढवणं', या दोन उद्योगांनी जेवढे रॉड तुटलेत तेवढे म्हातारपणाने तुटले नसतील.

## टप्पा ५: कळकट अवतारात दहा तास

सगळे घाईने ओलांडतात तो टप्पा हाच. ट्रॅक्टर सुरू झाला, आता तो वापरा. गवत कापा, ट्रॉली ओढा. दहा तास होईपर्यंत खिशात वही ठेवा.

काय लिहायचं? निळा धूर नुसता सुरू होताना येतो की सतत येतो. भार दिल्यावर ठोका ऐकू येतो का. तासाभराने खाली कुठे थेंब पडतात आणि ते काळे की तांबडे. कोणता गिअर सुटतो. ब्रेक किती अंतरावर लागतो. बॅटरीवर इंजिन चालू असताना किती व्होल्ट येतात. स्टिअरिंग किती मोकळं फिरतं.

जुन्या मॉडेलांवर स्टार्टर आणि जनरेटर एकाच डब्यात असतात आणि ते पट्ट्याने फिरतात. चार्जिंग होत नसेल तर डबा बदलण्याआधी पट्ट्याचा ताण, ब्रश आणि रेग्युलेटरची (चार्जिंग नियंत्रित करणारा भाग) जोडणी बघा. डबा किंवा रेग्युलेटर बदलल्यावर जनरेटर 'पोलराइझ' करावा लागतो, म्हणजे ठराविक टर्मिनलांना क्षणभर वायर टेकवावी लागते. कोणती टर्मिनलं, हे फील्डच्या (जनरेटरमधल्या चुंबकीय गुंडाळ्यांच्या) जोडणीप्रमाणे बदलतं. तुमच्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा, नाहीतर रेग्युलेटर जळेल.

दहा तासांनी वहीत जे असेल तेच तुमचं काम. वहीत इंजिनाबद्दल काही तक्रार नसेल तर इंजिन उघडू नका. चालतं इंजिन 'आलोच आहोत तर' म्हणून उघडणं हा महागडा छंद आहे.

## टप्पा ६: खोलणं

पिशव्या, चिठ्ठ्या, मार्कर. "क्लचचे बोल्ट" असं मोघम लिहू नका. "क्लच पेडल कंस, डावीकडचे २ लांब, उजवीकडचा १ आखूड, वायसर आतून" असं लिहा. दोन महिन्यांनी वाचणारा माणूस तुम्ही नसता, तो तुमच्याच शरीरातला कोणी परका असतो.

बॉनेट, टाकी, वायरी, इंजिन, मडगार्ड, स्टिअरिंग, मागचा गिअरबॉक्स, शेवटी पुढचा ॲक्सल, या क्रमाने जा. काढलेले नट जमतील तेवढे परत आपापल्या बोल्टवर चढवून ठेवा.

मागचे हब. व्हील हॉर्ससारख्या ट्रॅक्टरांत मागचे हब ॲक्सलवर गंजून बसतात. दोन-तीन नख्यांचा पुलर लावून ओढलं की बिडाच्या हबची कड तुटते. हे मी स्वतः केलंय. आवाज इतका स्वच्छ आला, की क्षणभर वाटलं हब सुटला. हातात अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा होता. नीट पद्धत अशी: सेट-स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि भोकात टॉर्च मारून खाली दुसरा स्क्रू नाही ना ते बघा. आठवडाभर रोज गंज सोडवणारं तेल घाला. चाकाच्या बोल्टांच्या भोकांना बसेल अशी जाड पोलादी प्लेट हबला बोल्टांनी जोडा आणि मधल्या बोल्टने ॲक्सलवर दाब द्या, म्हणजे ताण सगळ्या कडेवर सारखा पडतो. दाब देऊन ठेवा, हबला ऊब द्या, रात्रभर सोडून द्या. बऱ्याचदा सकाळी तो आपणच सुटलेला असतो. ॲक्सलच्या टोकावर घण मारू नका, तो धक्का गिअरबॉक्सच्या आत जातो.

फ्लायव्हील. पुलरच लावा. कडेला पहार घालून उचकटलं की पंख्याची पाती जातात, आणि क्रँकच्या टोकावर ठोकलं की आटे जातात.

> सावध: जुन्या क्लच प्लेट, ब्रेकचे पट्टे आणि गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका, कोरडं घासू नका. ओलं करून पुसा आणि चिंधी बंद पिशवीत टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथेही कोरडा ग्राइंडर नको.

> सावध: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर वेल्डिंग करू नका. उष्णतेने विषारी फॉस्जीन वायू तयार होतो.

## टप्पा ७: इंजिन आतून (वहीत तक्रार असेल तरच)

आधी माप, मग पार्टची खरेदी. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. क्रँकपिनही तशीच मोजा. लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया. धूर महिनाभर थांबतो आणि परत येतो. सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन घालणं हाच इलाज.

या इंजिनाला तेलाचा पंप नाही. रॉडच्या खालच्या टोकाची पळी तेल उडवते, तेवढंच वंगण. तेल थोडं कमी पडलं किंवा तीव्र उतारावर तिरकं चालवलं की पहिला फटका रॉडला बसतो. रॉड आणि त्याच्या टोपीवरच्या खुणा जुळल्याच पाहिजेत, आणि खुणांची बाजू मॅन्युअलप्रमाणे. टॉर्क पान्याशिवाय रॉडचे बोल्ट आवळू नका.

मोठ्या के-सिरीज इंजिनांत, म्हणजे के-२४१ पासून पुढे, अनेकांत कंप कमी करण्यासाठी बॅलन्स गिअर असतात. त्यांच्या छोट्या शाफ्टवरची बेअरिंग झिजली की गिअर फुटतात आणि ब्लॉकला भोक पाडतात. इंजिन उघडलंच आहे तर हे गिअर तपासा. बरेच जाणते मेकॅनिक ते काढूनच टाकतात आणि कंप थोडा वाढलेला चालवून घेतात. मीही त्याच पक्षाचा.

के-२४१ ते के-३४१ साठी व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना: इनटेक ०.००८ ते ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०१७ ते ०.०२० इंच. यांचे टॅपेट फिरवून फट लावता येते. के-१८१ सारख्या लहान इंजिनांत व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासून फट जमवावी लागते, म्हणून तिथे थोडं घासा आणि पुन्हा मोजा; जास्त घासलेलं परत येत नाही. मोठ्यांचे हेड बोल्ट २५ ते ३० फूट-पाउंडाला, तेही एका दमात नाही, मॅन्युअलमधल्या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळायचे.

## टप्पा ८: गंज आणि रंग

पत्र्याला सँड ब्लास्टिंग करणार असाल तर बॉनेटच्या सपाट भागावर जोर लावू देऊ नका. पातळ पत्रा तापून लाटेसारखा होतो आणि मग कितीही पुटी भरली तरी उन्हात लाट दिसते. जोडलेल्या इंजिनाला आणि गिअरबॉक्सला तर ब्लास्टिंग नकोच, कारण कुठल्या ना कुठल्या फटीतून वाळू आत जातेच.

लहान लोखंडी भागांसाठी विजेची पद्धत सोपी आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दर ४ लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा साधा चार्जर. गंजलेल्या भागाला ऋण टोक, टाकाऊ लोखंडी तुकड्याला धन टोक, आणि दोघं एकमेकांना न टेकता पाण्यात. टोकं उलटी लागली तर तुमचा भागच झिजायला लागतो.

> सावध: धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियम आणि जस्त चढवलेले भाग या टबात नकोत. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय हात घालू नका.

रंगाचा क्रम: तेलकटपणा काढणं, मग घासणं, मग पुन्हा तेलकटपणा काढणं. उलट केलंत तर घासताना तेल पत्र्यात रगडलं जातं आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. त्यावर इपॉक्सी प्रायमर, लागेल तिथे पुटी, पुन्हा प्रायमर, मग वरचा रंग. हार्डनर घातलेल्या रंगांत आयसोसायनेट असतात. कापडी मास्कने काही होत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर फवारणी रंगाऱ्याकडे द्या.

पावडर कोटिंग छान दिसतं, पण बेअरिंगच्या जागा, आटे आणि जिथे दोन भाग टेकतात त्या कडा आधी झाकून घ्या. बोल्टखाली जाड थर राहिला की तो पुढे दबतो आणि बोल्ट ढिले होतात. स्टिकर लावण्याआधी रंग पूर्ण वाळू द्या. हाताला कोरडा लागणं म्हणजे वाळणं नव्हे.

## टप्पा ९: जोडणी

मोठी चूक रंगाचीच, पण दिसत नाही अशी. चासी रंगली, इंजिनाचे पाय रंगले, रेग्युलेटरची जागा रंगली, आणि विजेला बॉडीतून परत यायला वाटच उरली नाही. माझा एक ट्रॅक्टर असाच चार्जिंग करेना. दोन संध्याकाळी मी नवा रेग्युलेटर, नवा स्विच, नवी वायर असं बदलत बसलो. शेवटी रेग्युलेटरच्या कानाखालचा रंग नाण्याएवढा खरवडला आणि मीटर १४ व्होल्टवर गेला. म्हणून बॅटरीची ऋण केबल, इंजिनाचा एक पाय, रेग्युलेटर आणि दिव्यांच्या जागा, एवढ्या ठिकाणी धातू उघडा करा, आवळा आणि वरून ग्रीस लावा.

वायरी जुन्याच जाडीच्या किंवा जाड घ्या. फ्यूज मूळ ट्रॅक्टरला नसेल तर घाला. टप्पा ३ मधले निकामी केलेले सुरक्षा स्विच आता परत चालू करा.

मागच्या गिअरबॉक्सचं किंवा हायड्रोचं तेल अंदाजाने भरू नका. केसच्या हायड्रॉलिकला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागतं, कब कॅडेटला हायट्रान जातीचं, आणि बाकीच्यांचं मॉडेलप्रमाणे बदलतं. चुकीचं तेल लगेच काही दाखवत नाही. ते पुढच्या उन्हाळ्यात दाखवतं.

> तपासा: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, कोणती वायर किंवा केबल ताणली जात नाही ना. ब्रेक लावून ट्रॅक्टर हाताने ढकलून बघा. थ्रॉटल पूर्ण आणि मंद, दोन्ही टोकांपर्यंत नीट पोहोचतो का बघा.

## टप्पा १०: पहिला स्टार्ट

प्लग काढून स्टार्टरने काही सेकंद फिरवा, म्हणजे पळी तेल उडवेल. मग प्लग लावा, अग्निशामक जवळ ठेवा आणि सुरू करा. पत्र्याचं आवरण बसवलेलं असलंच पाहिजे. 'नीट दिसावं' म्हणून ते काढून चालवू नका, हवा फिनांवरून वळवण्याचं काम तेच करतं. इंजिन नवं बांधलं असेल तर मंद वेगावर घुटमळत ठेवू नका. मध्यम वेगावर, भार कमीजास्त करत चालवा.

हायड्रोस्टॅटिक असेल तर मागची चाकं स्टँडवर उचलून लिव्हर पुढे-मागे सावकाश हलवा, हवा निघेपर्यंत. मध्येच थांबून पातळी बघा, ती उतरते.

पहिल्या पाच तासांनी तेल बदला आणि नंतर दर २५ तासांनी. काढलेलं पहिलं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात बघा. थोडी राखाडी झाक असतेच. चकचकीत चुरा किंवा लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे दिसले तर ट्रॅक्टर तिथेच उभा करा आणि टप्पा ७ कडे परत या.